कुणालचे डोळे कोणी काढले?

मौर्य दरबारातली एक गोष्ट जैन परंपरेत सांगितली जाते. सम्राट अशोकाचा मुलगा कुणाल लहानपणी उज्जयिनीला वाढत होता. तो आठ वर्षांचा झाल्यावर अशोकाने त्याच्यासाठी प्राकृतात पत्र लिहिले, ‘अधीयउ कुमारो’, म्हणजे कुमाराने आता विद्याभ्यासाला लागावे. पत्र रवाना होण्याआधी ते कुणालच्या सावत्र आईच्या हाती पडले. तिला स्वतःच्या मुलाला गादी हवी होती. तिने पहिल्या अक्षरावर एक टिंब दिले आणि ‘अंधीयउ कुमारो’ झाले, कुमाराला आंधळे करावे. उज्जयिनीत पत्र वाचणाऱ्यांचा धीर होईना. मौर्य कुळात वडिलांची आज्ञा मोडायची नाही, असे म्हणून त्या मुलाने तापलेली सळई स्वतःच डोळ्यांत घातली. बाराव्या शतकात गुजरातेत हेमचंद्राने ही कथा परिशिष्टपर्वात लिहून ठेवली आहे.

मराठी वाचकाला ती वाचताना शनिवारवाडा आठवल्यावाचून राहत नाही. ३० ऑगस्ट १७७३ रोजी गारद्यांनी तिथे अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्यांचा खून केला. राघोबादादांनी गारद्यांना ‘नारायणरावांस धरावे’ असे लिहून दिले होते, आनंदीबाईंनी ‘ध’चा ‘मा’ केला आणि ‘धरावे’चे ‘मारावे’ झाले, असे आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो आहोत. तो खाडाखोडीचा कागद आज आपल्यासमोर नाही. गोष्ट मात्र आहे, आणि तिचा साचा शनिवारवाड्याच्या सहाशे वर्षे आधी तयार होता. कागद लिहिणारा पुरुष निर्दोष, हुकूम अमलात आणणारे केवळ ताबेदार, आणि मधल्यामध्ये एका अक्षराची फिरवाफिरव करणारी त्याची बायको. एक कथा दुसरीवरून उचलली असा माझा दावा नाही. पण राजघराण्यात रक्त सांडले की लोकांचे बोट कुठे वळते, ते या दोन कथा शेजारी ठेवल्या की स्पष्ट दिसते. रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी करून दोषी ठरवले ते राघोबादादांना. लोकांनी मात्र त्यांच्या बायकोला कायमची शिक्षा दिली, आणि ती अजून चालू आहे.

प्राचीन भारतातल्या राण्यांच्या कारस्थानांच्या ज्या दंतकथा आपण इतिहास म्हणून सांगतो, त्यांतल्या बहुतेक अशाच निवाड्यांसारख्या आहेत. घटनेनंतर शेकडो वर्षांनी दिलेल्या, साक्षीपुराव्याशिवाय दिलेल्या, आणि ज्याच्या हाती खरी सत्ता होती त्याला सोडून देणाऱ्या. साहित्य म्हणून त्या मोलाच्या आहेत, त्या वाचल्याच पाहिजेत. पण वर्गात, किल्ल्यांवर, लेण्यांत आणि पडद्यावर त्या इतिहासाच्या नावाखाली सांगणे थांबले पाहिजे. त्यांच्या शेजारी त्याच काळातल्या राण्यांचे जे अस्सल लेख दगडात आणि ताम्रपटात उरले आहेत, ते लोकांपुढे आणले पाहिजेत. महाराष्ट्राला हे सांगायचा विशेष अधिकार आहे, कारण यातले सर्वांत ठळक लेख आपल्याकडचे आहेत.

आधी अशोकाची राणी तिष्यरक्षिता हिचे प्रकरण नीट पाहू. कुणालची सर्वांत प्रसिद्ध कथा अशोकावदानातली आहे. हा संस्कृत बौद्ध ग्रंथ साधारण इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला मानतात, म्हणजे अशोकाच्या मृत्यूनंतर जवळजवळ चारशे वर्षांनी रचलेला. त्यात तिष्यरक्षिता ही पट्टराणी कुणालच्या सुंदर डोळ्यांवर भाळते, तो तिला आई म्हणून नकार देतो, आणि ती सूड धरते. पुढे कुणाल तक्षशिलेला जातो. इकडे अशोक असाध्य रोगाने आजारी पडतो. राणी तसाच रोग झालेला माणूस शोधून आणते, त्याला मारवते, त्याचे पोट फाडून जंत शोधते, आणि मिरी, आले असे एकेक घालून बघता बघता कांद्याने जंत मरतो हे शोधून काढते. क्षत्रियाने कांदा कसा खावा म्हणून राजा का-कू करतो. औषध म्हणून घ्या, असे ती सांगते. राजा बरा होतो आणि वर म्हणून तिला सात दिवसांचे राज्य देतो. त्या सात दिवसांत, राजा झोपलेला असताना, त्याच्या दातांची मुद्रा उठवून ती तक्षशिलेला हुकूम पाठवते की कुणालचे डोळे काढा.

आता ही कथा कोणाची नालस्ती करते ते बाजूला ठेवून तिच्यात काय घडते एवढेच बघा. मुद्रा राजाची आहे. सात दिवसांचे राज्य राजाने कोणालाही न विचारता बायकोच्या हाती दिले आहे. डोळे काढायला चांडाळसुद्धा तयार होत नाहीत, तरी हुकूम पाळला जातो, कारण मुद्रेपुढे ‘का’ विचारायची सोय त्या राज्यात नाही. आंधळा कुणाल आपल्या बायकोबरोबर, कांचनमालेबरोबर, वीणा वाजवत भीक मागत पाटलिपुत्राला येतो आणि बाप त्याला आवाजावरून ओळखतो. कुणाल सावत्र आईला क्षमा करतो. अशोक करत नाही, तो तिला लाखेच्या घरात जिवंत जाळतो आणि तक्षशिलेच्या नागरिकांनाही ठार करवतो. याच ग्रंथात, याच अशोकाने, आपल्या नावाच्या झाडाची मोडतोड केली म्हणून अंतःपुरातल्या पाचशे स्त्रियांना जाळल्याची कथाही आहे. त्यावरूनच त्याला चंडाशोक म्हणू लागले, असे ग्रंथ सांगतो. त्या पाचशेंपैकी एकीचेही नाव ग्रंथात नाही. तिष्यरक्षितेचे नाव सगळ्यांना माहीत.

भिक्षूंना तरी तिष्यरक्षितेत किती रस होता? कथेच्या शेवटी स्थविर उपगुप्त सांगतात की कुणाल मागच्या जन्मी काशीचा पारधी होता, त्याने पाचशे हरणांचे डोळे फोडले होते, त्याचे हे फळ. म्हणजे ग्रंथकर्त्याच्या लेखी राणी ही कर्मफळ पोचवणारे निमित्त आहे. तिचा खटला चालवणे हा त्याचा हेतू नव्हताच. तो खटला आपण चालवला.

सिंहली परंपरेतल्या महावंसात हीच राणी तिस्सरक्खा म्हणून येते. तिथे तिचा कुणालशी काही संबंध येत नाही. तिथे तिचा गुन्हा वेगळा आहे. राजा बोधिवृक्षावर आपल्यापेक्षा जास्त माया करतो म्हणून ती विषारी काट्याने तो वृक्ष मारते. अशोकावदानातही बोधिवृक्षाचा प्रसंग आहे, पण तिथे ती मातंग स्त्रीकडून मंत्रतंत्र करवते आणि नंतर झाड पुन्हा टवटवीत होते. जैन कथेतल्या सावत्र आईचा हेतू तिसराच, मुलाला गादी. एकीकडे वासना, दुसरीकडे मत्सर, तिसरीकडे पुत्रलोभ. एकीकडे चोरलेली मुद्रा, दुसरीकडे काटा, तिसरीकडे टिंब. साक्षीदार गुन्ह्यावर एकमत नाहीत, हेतूवर नाहीत, हत्यारावर नाहीत. एकमत आहे ते फक्त एका गोष्टीवर, की गुन्हा राजाच्या मागून आलेल्या बायकोने केला. कोणत्याही न्यायालयात असा खटला पहिल्याच दिवशी फेटाळला गेला असता.

आणि अशोक स्वतः काय म्हणतो? त्याने दगडावर इतके लिहून ठेवले आहे की त्यालाच विचारता येते. आज प्रयागराजच्या (पूर्वीच्या अलाहाबादच्या) किल्ल्यात असलेल्या स्तंभावर एक छोटा लेख आहे, ‘राणीचा लेख’ म्हणून तो ओळखला जातो. त्यात राजा महामात्रांना, म्हणजे आपल्या अधिकाऱ्यांना, आज्ञा देतो की दुसऱ्या राणीने जे काही दान दिले असेल, आमराई असो, बाग असो, दानगृह असो की आणखी काही, ते त्या राणीच्याच नावे नोंदले जावे, तीवराची आई कारुवाकी हिच्या नावे. अशोकाच्या सगळ्या लेखांत नावाने उल्लेखलेली ही एकच राणी आणि तीवर हा एकच मुलगा. तिष्यरक्षितेचे नाव कुठेही नाही. अशोकाच्या दगडावरची ‘दुसरी राणी’ कोणाच्या मुद्रेला हात लावत नाही. तिची स्वतःची मालमत्ता आहे, ती दान देते, आणि ते दान तिच्याच खात्यावर जमा व्हावे एवढ्यासाठी सम्राटाला खास हुकूम काढावा लागतो. कदाचित अधिकारी ते राजाच्या नावावर टाकत असतील. हा माझा तर्क, पण हुकूम काढायची वेळ आली त्याअर्थी तो निराधार नाही. आपल्या शाळकरी मुलांना यातली कोणती राणी माहीत आहे, हे कोणत्याही घरात विचारून पाहावे.

गोष्टी वाढतात कशा, याचा एक फार बोलका पुरावा आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात, राजाने अंतःपुरात कसे वागावे या प्रकरणात, दगाफटक्यांची छोटी यादी येते. राणीच्या महालात लपलेल्या भावाने भद्रसेनाला मारले, आईच्या पलंगाखाली लपलेल्या मुलाने कारूषाला मारले, मध म्हणून विष लावलेल्या लाह्या देऊन राणीने काशिराजाला मारले, विष माखलेल्या पैंजणाने वैरंत्याला, मेखलेच्या मण्याने सौवीराला, आरशाने जालूथाला, आणि वेणीत लपवलेल्या शस्त्राने विदूरथाला. बस्स, एवढेच. राण्यांची नावे नाहीत, कारणे नाहीत, हे कधी घडले तेही नाही. सुरक्षा अधिकाऱ्याने नव्या रुजू झालेल्या शिपायाला द्यावेत तसे हे इशारे आहेत.

काही शतकांनी, सातव्या शतकात, बाणभट्टाच्या हर्षचरितात हीच मंडळी पुन्हा भेटतात. आता राण्यांना नावे मिळाली आहेत. काशिराजाला मारणारी सुप्रभा, सौवीराला मारणारी हंसवती, आरशावाली रत्नवती, वेणीत शस्त्र लपवणारी बिंदुमती. सुप्रभेला हेतूही मिळाला आहे, मुलाला राज्य मिळावे. आरशाची कड आता वस्तऱ्याच्या धारेची झाली आहे. नवा पुरावा सापडला म्हणून ही नावे आली, असे समजायला काही आधार नाही. वाक्याला लय हवी होती, यमक हवे होते, आणि बाण शब्दांचा राजा होता. बाणाच्या यादीत पुरुषांचे दगेही भरपूर आहेत, मौर्यांचा शेवटचा राजा बृहद्रथ याला त्याचा सेनापती पुष्यमित्राने सैन्य दाखवायच्या निमित्ताने मारले तो प्रसंगही आहे. पण ही यादी कोणत्या वेळी म्हटली जाते बघा. हर्षाचा थोरला भाऊ राज्यवर्धन याला गौड राजाने विश्वासघाताने मारले आहे. म्हणजे समोर पडलेला खून एका राजाने केलेला आहे, आणि गजदलाचा प्रमुख स्कंदगुप्त तरुण हर्षाला सावधगिरी शिकवता शिकवता विषारी लाह्या आणि वेणीतल्या शस्त्रांपर्यंत येऊन पोचतो.

खरे तर कौटिल्य स्वतः या बाबतीत आपल्यापेक्षा जास्त समतोल होता. राजाने आधी बायका आणि मुले यांच्यापासून स्वतःला जपावे, असे तो म्हणतो, आणि त्याच प्रकरणात राजपुत्रांबद्दल त्याने दिलेले मत फार कडक आहे. राजपुत्र खेकड्यांच्या स्वभावाचे असतात, जन्मदात्यालाच खातात. मगधाचा इतिहास या वाक्याला पुरेपूर साक्ष देतो. बौद्ध परंपरेनुसार अजातशत्रूने बिंबिसाराला मारले, अजातशत्रूला उदयभद्राने, त्याला अनुरुद्धाने, त्याला मुंडाने, त्याला नागदासकाने. पाच पिढ्या मुलांनी बापांना मारले, आणि शेवटी पितृघातक्यांचे कुळ म्हणून लोकांनी ते घराणेच हाकलून शिशुनागाला गादीवर बसवले. महावंस तर अशोकाने एक सोडून नव्याण्णव भावांना मारल्याचे सांगतो. आकडा अतिशयोक्त असेल, पण भावाभावांत गादीसाठी रक्त सांडले हे सांगायला तो पुरेसा आहे.

बिंबिसाराच्याच कथेत एक राणी आहे, तिचे नाव मला प्रत्येक मराठी घरात ऐकू यावेसे वाटते. कोसलदेवी. मुलाने बापाला कैदेत टाकून उपाशी मारायचे ठरवले आणि फक्त आईला भेटायची परवानगी दिली. पाली अट्ठकथेत, म्हणजे बौद्ध ग्रंथांवरच्या जुन्या भाष्यात, सांगितले आहे की ती आधी वस्त्रांत लपवून अन्न नेऊ लागली. ते पकडले गेले. मग केसांच्या अंबाड्यात लपवून नेऊ लागली. तेही पकडले गेले. मग पादत्राणांत. शेवटी अंगाला चतुर्मधुर, म्हणजे चार गोड पदार्थांचे मिश्रण, माखून ती जात असे आणि राजा ते चाटून जगत असे. मग तिचे जाणेच बंद केले. वेणीत शस्त्र लपवणाऱ्या राणीची गोष्ट दोन मोठ्या ग्रंथकारांनी जपली. केसांत घास लपवणारी राणीही त्याच भारताची आहे. राजवाड्यातली चोरी हीसुद्धा होती, पहाऱ्यातून नवऱ्यासाठी अन्न नेण्याची. हिचा आपण कधी डंका पिटला नाही.

राण्या राजकारण करत होत्या, यात शंका नाही. त्यांना करावेच लागत होते. एका राजाच्या अनेक बायका असत, आणि त्यातली प्रत्येक कुठल्यातरी तहाची, मैत्रीची किंवा युद्धाची खूण म्हणून आलेली असे. मागे माहेरचे राज्य, भाऊ, काका, त्यांचे दूत. गादी थोरल्याचीच, असा नियम बोलायला होता, पण तो मोडायची मुभा राजाला आणि मंत्र्यांना होती. ज्या बाईचा मुलगा गादीवर बसे ती राजमाता, बाकीच्या त्या राजमातेच्या मर्जीवर. मुलगा हरला तर अनेकदा त्याचा जीव जाई. अशा घरात ज्या स्त्रीने मुलाच्या हक्कासाठी हालचाल केली, तिला कपटी म्हणायचे आणि ज्याने हे घर असे रचले त्याला पुण्यश्लोक म्हणायचे, हा कुठला न्याय?

कैकेयीची गोष्ट याच नजरेने वाल्मीकींच्या शब्दांत वाचा. अयोध्याकांडात दशरथ रामाला सांगतो की भरत नगराबाहेर आहे तोवरच तुझा अभिषेक होऊन जावा, हेच मला योग्य वाटते. आजोळी गेलेल्या मुलाच्या पाठीमागे, घाईघाईने, रातोरात तयारी. पुढे चित्रकूटावर राम स्वतः भरताला सांगतो की आपल्या वडिलांनी तुझ्या आईशी लग्न करताना तुझ्या आजोबांना राज्य हेच शुल्क, म्हणजे वधूमूल्य, म्हणून देण्याचे वचन दिले होते. हे रामाचे शब्द आहेत, टीकाकाराचे नव्हेत. म्हणजे लग्नाच्या वेळी एक वचन, युद्धभूमीवर जीव वाचवला तेव्हा दोन वर, आणि या सगळ्यानंतर कोणाला कळू न देता घेतलेला निर्णय. वाल्मीकींनी राजवाड्यातला हा गुंता दोन्ही बाजूंनी लिहिला. त्यातली एक बाजू आपण गळून पडू दिली आणि कैकेयी व मंथरा एवढ्या दोन बायका ठेवल्या. आज घरातल्या सुनेला, पक्षातल्या महिला नेत्याला, कुणालाही ‘कैकेयी’ म्हटले की पुढचा विचार करायची गरज उरत नाही. दशरथ म्हणून कोणी कोणाला हिणवलेले मी तरी ऐकलेले नाही.

आता आपल्या मातीकडे येऊ. नाशिकच्या पांडवलेण्यांत, तिसऱ्या लेण्यात, गौतमीपुत्र सातकर्णीच्या चोविसाव्या वर्षाचा एक हुकूम कोरलेला आहे. तो गोवर्धनचा अमात्य श्यामक याला उद्देशून आहे, आणि तो राजा व त्याची आई, ‘महादेवी जीवसुता राजमाता’, अशा दोघांच्या नावे निघाला आहे. विषय काय? त्रिरश्मी डोंगरावरच्या भिक्षूंना पूर्वी कखडी गावातले शेत दिले होते. ते शेत कोणी कसत नाही, गावही ओसाड पडले आहे. तेव्हा त्याऐवजी नगराच्या सीमेवरच्या राजाच्या जमिनीतून त्यांना शंभर निवर्तने (जमिनीचे जुने माप) जमीन द्यावी. इतका साधा, महसूल खात्याचा म्हणावा असा कागद. पण तो वाचताना माझे मन भरून येते. अठराशे-एकोणीसशे वर्षांपूर्वी एक राजमाता आपल्या नाशकात जमिनीचा घोळ निस्तरत होती, आणि तिच्या नावाने निघालेला हुकूम अमात्याला लागू होत होता. पुढे मुलाच्या मृत्यूनंतर, नातू पुळुमावीच्या एकोणिसाव्या वर्षी, गौतमी बलश्रीने त्याच लेण्यात जी प्रशस्ती कोरून घेतली तिच्यामुळेच क्षहरात या क्षत्रप घराण्याचा निःपात करणारा, ज्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचे पाणी प्याले तो गौतमीपुत्र आपल्याला माहीत आहे. आपल्या सर्वांत मोठ्या सातवाहन राजाची कीर्ती त्याच्या आईने लिहून ठेवली आहे.

नाणेघाटात त्याच घराण्यातली आणखी आधीची राणी नागनिका आहे. जुन्नरहून कोकणात उतरणाऱ्या व्यापारी वाटेच्या तोंडाशी असलेल्या त्या लेण्यात दोन्ही भिंतींवर तिचा दीर्घ लेख आहे. महारठीची मुलगी, सातकर्णीची पत्नी, कुमारांची आई. अश्वमेध, राजसूय, हजारोंच्या संख्येने दिलेल्या गाई, सगळ्याची नोंद. समोरच्या भिंतीवर एके काळी घराण्याच्या मूर्ती होत्या. मूर्ती गेल्या, वर कोरलेली नावे राहिली, आणि त्यात राजाच्या जोडीने ‘देवी नायनिका’ आहे. ज्यांना दंतकथेतलीच राणी ठाऊक आहे त्यांनी एकदा त्या घाटात उभे राहावे.

आणि वाकाटकांची प्रभावतीगुप्ता. गुप्त सम्राट चंद्रगुप्त दुसरा आणि नागकुळातली कुबेरनागा यांची ही मुलगी विदर्भात सून म्हणून आली. नवरा रुद्रसेन दुसरा लवकर गेला, मुलगा लहान होता. दरबारी कथांचे सगळे साहित्य इथे हजर आहे. बलाढ्य माहेर, विधवा राणी, अज्ञान वारस. तिने काय केले? तिने राज्य चालवले. पुण्यात सापडलेला तिचा ताम्रपट युवराज दिवाकरसेनाच्या तेराव्या वर्षाचा आहे, म्हणजे निदान तेरा वर्षे कारभार तिच्या हाती होता. दान नंदिवर्धनहून दिलेले आहे, रामटेकजवळच्या. त्यात तिने सासरच्या वंशावळीऐवजी आपल्या माहेरच्या गुप्तांची वंशावळ दिली आहे. मुद्रेवर श्लोक आहे, त्याचा शेवट ‘जनन्या युवराजस्य शासनं रिपुशासनम्’ असा. युवराजाच्या आईचे हे शासन, शत्रूंना वचक बसवणारे. गेल्या काही वर्षांत नगरधनच्या उत्खननात तिच्या नावाची मातीची मुद्राही मिळाली आहे. तिष्यरक्षितेला झोपलेल्या नवऱ्याची मुद्रा चोरावी लागते. प्रभावतीगुप्तेची स्वतःची मुद्रा होती, उघड, सगळ्यांनी वाचावी अशी.

यावर काही प्रामाणिक आक्षेप येतात. पहिला असा की तुम्ही राण्यांना सोवळ्यात बसवत आहात. तसे मुळीच नाही. काश्मीरच्या दिद्दाचे उदाहरण घ्या. दहाव्या शतकाच्या उत्तरार्धात आधी मुलाच्या आणि नातवांच्या नावे आणि ९८० ते १००३ स्वतःच्या नावे तिने काश्मीरवर राज्य केले. काश्मीरचा इतिहास लिहिणारा कल्हण तिच्यावर नातवांच्या खुनाचे आरोप करतो आणि त्यातला सत्तेचा व्यवहार मला खोटा वाटत नाही. पण जादूटोण्याने मारले, असे तो म्हणतो तिथे मी थांबते. तोच कल्हण असेही म्हणतो की गाईच्या खुराएवढे डबकेही ओलांडता येणार नाही असे जिच्याबद्दल वाटले, त्या पांगळ्या राणीने मारुतीसारखा शत्रूंचा समुद्र ओलांडला. दिद्दा क्रूर होती, हुशार होती, आणि तिने आपल्या भाच्याला वारस नेमून राज्य सुरळीत सोपवले. तिच्याबद्दल असे पूर्ण बोलता येते, कारण तिने राज्य केले आणि त्याची नोंद आहे. पुरावा असेल तिथे राणीला कठोरपणे जोखा, जसे राजाला जोखता तसे. तिला देवी करणे हाही अन्यायच आहे.

दुसरा आक्षेप असा की कथा ही कथा असते, मालिकेत रंग भरावाच लागतो. मान्य. लेखकाने तिष्यरक्षितेवर नाटक लिहावे, तिच्या मनात शिरावे, तिला खलनायिकाही करावे. माझे म्हणणे त्या जागांपुरते आहे जिथे माणूस ‘हे खरे घडले’ या विश्वासाने ऐकतो. शनिवारवाड्यात सहलीला आलेल्या मुलांना ‘ध चा मा’ सांगितला जातो तेव्हा तो दंतकथा म्हणून सांगितला पाहिजे, आणि त्याच वाक्याला जोडून न्यायाधीशाने दोषी कोणाला धरले तेही सांगितले पाहिजे. ऐतिहासिक म्हणवणाऱ्या मालिकांच्या सुरुवातीला ‘काल्पनिक’ अशी पाटी सेकंदभर झळकवून चालणार नाही. कोणता प्रसंग कुठल्या ग्रंथातून घेतला आणि तो ग्रंथ घटनेनंतर किती वर्षांनी लिहिला गेला, हे प्रेक्षकाला वाचता येईल असे लिहावे. एवढे केले तरी बराच फरक पडेल.

आणि पाठ्यपुस्तकांत अस्सल लेख यावेत. कखडीच्या शेताचा हुकूम मराठीत चार-पाच ओळींत बसतो. कारुवाकीच्या दानाचा लेख त्याहूनही लहान आहे. प्रभावतीगुप्तेच्या मुद्रेचा श्लोक दोन ओळींचा आहे. आठवीतल्या मुलामुलींना हे तीन तुकडे मूळ शब्दांसह वाचायला देता येतील, आणि त्याच धड्यात अशोकाच्या राणीच्या तिन्ही कथा शेजारी शेजारी ठेवता येतील, म्हणजे दगडावरचा पुरावा आणि ऐकीव गोष्ट यांतला फरक मुले स्वतःच शोधतील. नाशिक, जुन्नर आणि रामटेकच्या शाळांनी तर यासाठी कोणाची वाट बघू नये. पांडवलेणी, नाणेघाट आणि नगरधन त्यांच्या सहलीच्या अंतरावर आहेत. शिक्षकांनी हुकमाचा मराठी तर्जुमा बरोबर न्यावा, मुलांना कोरलेल्या ओळींसमोर उभे करावे आणि ‘राजमाता’ हा शब्द ब्राह्मीत कुठे आहे ते बोटाने दाखवावे.